चौदा नंबरचा बोलणारा

१

सिव्हिल लाइन्समधल्या पाणीखात्याच्या त्या कचेरीत दिवस सुरू व्हायचा तो हाका मारण्यानं. दहाच्या ठोक्याला टेलिफोनच्या बोर्डावर बसलेली बाई नदीकाठच्या एकेका पंपघराला फोन लावायची. पलीकडून कोणी ‘बोला’ म्हटलं की वहीत तीन गोष्टी लिहायची: वेळ, आवाज कसा आहे, आणि बोलणाऱ्याचं नाव. चौदा पंपघरं, चौदा ओळी. नळाला पाणी येवो न येवो, वही भरलीच पाहिजे. सरकारी खातं ते. माणूस समोर उभा असला तरी आधी वहीत बघणार, आहे का म्हणून.

आनंदराव या कचेरीचे टेलिफोन मेकॅनिक. बावीस वर्षं त्यांनी जुन्या बोर्डाची सेवा केली होती. पितळी भोकं, कापडी दोऱ्या, हातानं फिरवायची मूठ. दोरी भोकात खुपसली की बोलणं सुरू, ओढली की बंद. सत्त्याऐंशी सालच्या ऑगस्टात तो बोर्ड गेला आणि त्याच्या जागी लोखंडी कपाटाएवढं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं. आत हिरवी कार्डं उभी लावलेली. एका लाइनीला एक कार्ड, एका कार्डाला एक खाच. कार्डावरचा दिवा लागला की लाइन जिवंत समजायची.

सोमवारी अकरा वाजता मोठ्या साहेबांच्या हस्ते उद्घाटन होतं. त्या दिवशी चाचणी आणि वही आनंदरावांकडेच होती; साडेदहापर्यंत तेरा लाइनी बोलल्या. चौदावी काही केल्या बोलेना.

दिवा लागत होता. कानाला मात्र काही नाही, साधी खरखरसुद्धा नाही. आनंदरावांनी कार्ड काढलं, फुंकलं, पुन्हा बसवलं. तारेची जोडी सोडून पाहिली. तेवढ्यात कार्यकारी अभियंता मनोहरराव तिसऱ्यांदा डोकावले. “आनंदराव, वही आणा. साहेबांची गाडी आकाशवाणी चौकात आलीय.”

आता आनंदराव कसे होते, हे इथंच सांगितलेलं बरं. छप्पन साली दीक्षाभूमीवर पंधरा वर्षांच्या आनंदनं पाच वर्षांच्या धाकट्या भावाला, नत्थूला, दिवसभर खांद्यावर बसवून ठेवलं होतं. तेव्हापासून सकाळी पंचशील म्हटल्याशिवाय त्यांनी तोंडात चहा घातला नाही, आणि खोटं न बोलण्याचं चौथं शील ते जरा जोरातच म्हणत. त्यांच्या वस्तीत, इंदोऱ्यात, लोक त्यांची थट्टा करत, ‘आनंदरावले वेळ इचारा, सेकंदही सांगते.’ असा हा माणूस. पण वही पुढ्यात होती, साहेबांची गाडी फाटकात होती, आणि बावीस वर्षांत कधी वर न आलेलं नाव आज सगळ्यांसमोर खाली जाणार होतं.

त्यांनी लिहिलं: ‘१४. पिंपळझरी पंपघर. आवाज स्पष्ट. बोलणारा...’ आणि पेन थांबलं. पिंपळझरीला एकच माणूस होता, तो म्हणजे नत्थूच. त्याचं नाव लिहिलं आणि उद्या कोणी त्याला विचारलं, तर तो सरळ सांगणार, मी नाही बोललो बावा. नत्थूला खोटं सांभाळता येत नसे. मग आनंदरावांनी लिहिलं, ‘धोंडबा, हंगामी.’ असा कोणी माणूस नव्हता. हंगामी मजूर येतात, जातात; त्यांची चौकशी कोण करतो? दुपारी लाइन दुरुस्त करू, उद्यापासून खरं नाव येईल, असा हिशेब.

टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले. दुपारी मात्र मनोहररावांनी त्यांना दुसऱ्याच कामाला जुंपलं.

२

मंगळवारी आनंदराव आले तेव्हा सकाळची हजेरी आटोपली होती. बोर्डावर चारुशीलाबाई. पंधरा वर्षं याच खुर्चीत. पलीकडचा माणूस जेवला की नाही हे नुसत्या ‘बोला’वरून सांगतील अशी ख्याती. त्यांच्या वहीत चौदाही ओळी भरलेल्या होत्या.

“चौदा लागला?” आनंदरावांनी विचारलं.

“लागला की. पहिल्याच घंटीला उचलला. धोंडबा म्हणून आहे कोणी.”

आनंदरावांनी वहीवर वाकून ते नाव पाहिलं. मग त्यांना जरा हसू आलं. बाईंनी कालची ओळ बघून आजची उतरवली होती, दुसरं काय! सगळी कचेरी तेच करते.

“खरंच बोलला का बाई? का असंच...”

“म्हणजे काय, आनंदरावजी? मी काय मनचं लिहिते?” बाई दुखावल्या. “चांगला बोलला, आवाज ओळखीचा वाटला. नत्थूला द्या म्हटलं, तर म्हणाला, तो खाली मोटरीपाशी आहे, मी आहे ना, मला सांगा.”

 आनंदरावांनी आत जाऊन कपाट उघडलं. चौदा नंबरच्या कार्डाचा दिवा लागलेला होता. खाली पाहिलं, तर पिंपळझरीच्या तारेची जोडी मोकळी लोंबत होती. काल साडेदहाला त्यांनीच ती सोडली होती आणि घाईत तशीच राहिली होती.

म्हणजे कालपासून पिंपळझरीची तार या यंत्राला लागलेलीच नव्हती.

माणूस शहाणा असला की त्याला कारणं सुचतात. एका लाइनीचं बोलणं दुसरीत उतरतं, नव्या यंत्रात तर जास्तच. तेरा नंबरच्या कोणी मस्करी केली असेल. खरंच नवा हंगामी माणूस लागला असेल आणि त्याचं नाव योगायोगानं धोंडबा असेल. विदर्भात धोंडबांचा काय तोटा? आनंदरावांनी जोडी घट्ट बसवली आणि स्वतः चौदा नंबर फिरवला. कानात भिंतीसारखी शांतता.

३

दोष असतो तो तीन ठिकाणी: कार्डात, तारेत किंवा खाचेत. आनंदराव ओळीनं निघाले.

चौदाचं कार्ड काढून तेराच्या खाचेत घातलं. लगेच कन्हानच्या पंपघरातून खणखणीत ‘बोला’ आलं. कार्ड चांगलं. तेराचं कार्ड चौदाच्या खाचेत घातलं, मुकं. मीटर लावून तार मोजली. कुही गावापर्यंत आणि पुढं नाल्यापलीकडे पिंपळझरीपर्यंत तार शाबूत होती. राहिली खाच. त्यांनी कार्ड पूर्ण बाहेर काढलं. आता चौदाच्या जागी काळी रिकामी फट तेवढी होती. विजेरी मारून त्यांनी आतले पितळी दात पाहिले. नवे कोरे.

मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, कार्ड हातात धरूनच ते बाईंच्या खोलीच्या दारात आले. “बाई, जरा चौदा लावा.”

बाईंनी नंबर फिरवला आणि लगेच बोलू लागल्या. “हो, धोंडबा का? काही नाही, टेस्टिंग सुरू आहे इकडे. तिकडे पाणी कसं आहे? बरं, बरं.”

आनंदरावांनी हातातल्या कार्डाकडे पाहिलं.  त्यांनी तीन ढांगांत जाऊन बाईंच्या हातातून रिसीव्हर घेतला.

शांतता.

“ठेवला वाटतं त्यानं,” बाई म्हणाल्या. “काय झालं हो? बसा बरं जरा.”

ते बसले नाहीत. कार्ड टेबलावर ठेवून तडक एस.टी. स्टँडवर गेले. कुहीच्या पुढं नाल्याला पूर होता. सोमवारपासून गाडी कुहीहूनच परत फिरत होती. पलीकडचा माणूस अलीकडे नाही आणि अलीकडचा पलीकडे नाही. कंडक्टर म्हणाला, “पाणी उतरू द्या भाऊ, दोन-चार दिवस लागन.” पिंपळझरीला पोचायला आता तार तेवढी उरली होती, आणि तारेवर तो धोंडबा बसला होता.

४

बुधवारी सकाळी डबा देताना बायकोनं, प्रेमिलानं, विचारलं, “भाऊजीचं काही समजलं का? एकटे हायेत बिचारे.”

“हाये. ठीक हाये,” आनंदराव म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनी मान फिरवली. नत्थूला त्या नोकरीत त्यांनीच चिकटवलं होतं. पोट्टा शिकला नाही, पण कामाचा पक्का आहे, असं म्हणत चार साहेबांचे उंबरे झिजवले होते. तिकडं एकट्यानं राहायला नत्थू तयार नव्हता. ‘दादा, मले एकट्याले भेव लागते,’ असं चक्क म्हणाला होता, छत्तिसाव्या वर्षी. दादानं त्याला हसून गप्प केलं होतं.

कचेरीच्या मागच्या व्हरांड्यात जुना बोर्ड चादरीखाली पडून होता, लिलावाची वाट बघत. त्याला यंत्र-बिंत्र काही ठाऊक नव्हतं. आनंदरावांनी पिंपळझरीची जोडी नव्या कपाटातून सोडली, लांब तार ओढत व्हरांड्यात आणली आणि जुन्या बोर्डाला जोडली. बोलण्याचा भोंगा कोणीतरी आधीच काढून नेला होता. कानाला लावायचं तेवढं शिल्लक होतं. ऐकू येईल, बोलता येणार नाही. तरी त्यांनी दोरी भोकात खुपसली.

आणि आवाज आला. लांबून, मोटरीच्या घरघरीतून, पण आला.

“...हॅलो. हॅलो ऑफिस. कोणी आहे का गा? मी पिंपळझरीचा नत्थू बोलून राहिलो.”

आनंदरावांचे डोळे भरून आले. “बोल गा, बोल!” ते रिकाम्या व्हरांड्यात ओरडले.

“तीन दिस झाले,” नत्थू सांगत होता. कोणी ऐकतंय की नाही याची त्याला खात्री नव्हती. आवाजावरून कळत होतं. “घंटी वाजते. मी खालून मोटर सोडून जिना चढतो, तं वर कोणीतरी फोन उचललेला असते. बोलणं आयकू येते, मोटरीच्या आवाजात शब्द नाही समजत. वर आलो का कोणीच नसते. फोन जाग्यावर ठेवलेला. पण हाताले गरम लागते, आत्ताच कोणी धरून ठेवल्यावाणी. काल मी दाराले बाहेरून कुलूप लावलं. तरी उचलला.” थोडा वेळ नुसती घरघर. “आनंदराव मेकॅनिकले निरोप द्या बावा. म्हणा, नत्थूनं काम नाही सोडलं, पण लवकर या म्हणा.”

आनंदराव धावत गेले. भांडारातून बोलण्याचा भोंगा काढायला त्यांना चार मिनिटं लागली असतील, फार तर पाच. परत येऊन दोन तारा पिळल्या, तोंडाशी धरून हाका मारल्या. पलीकडे काही नव्हतं. संध्याकाळी पाच वाजेपर्यंत ते व्हरांड्यात मूठ फिरवत उभे होते. येणारे-जाणारे बघत होते आणि बाजूनं निघून जात होते.

५

गुरुवारी सकाळी आस्थापनेच्या बाबूनं, बळीरामनं, त्यांना हाक मारली. बळीराम चांगला माणूस, कोणाचं कधी वाईट चिंतलं नाही. फक्त वह्या एकमेकींशी जुळल्या नाहीत की त्याला जेवण जात नसे.

“आनंदरावजी, पिंपळझरीचा घोळ मिटवला बरं का. टेलिफोनच्या वहीत रोज धोंडबा येतोय आणि माझ्या हजेरीपटात त्याचं नावच नाही. म्हटलं, माझंच चुकलं असेल. चढवलं सोमवारपासून.”

“काहून चढवलं?” आनंदराव ओरडलेच.

“अहो, माणूस रोज बोलतोय, तर नाव नको? पण मग दुसरी अडचण आली. पंपघराला मंजूर जागा एक. दोन माणसं कशी दाखवू?” त्यानं हजेरीपट त्यांच्याकडे फिरवला. “म्हणून नत्थूच्या नावावर तात्पुरती पेन्सिलची रेघ मारून ठेवलीय. फोनवर एकदाही नाही आला तो. कुठं आहे, कोणाला ठाऊक?”

रेघ पट्टी धरून मारलेली होती, अगदी सरळ. तिच्याखालच्या ओळीत धोंडबाच्या नावापुढं चार दिवसांची चार हजेरीची टिंबं होती.

“तो माह्या भाऊ आहे, बळीराम.”

“असेल हो. मी कुठं नाही म्हणतो?” बळीराम गोंधळून म्हणाला. “पण हजेरी कोण देतंय, ते सांगा.”

आनंदरावांना सांगता आलं असतं. दोन वाक्यं होती. पण ती बोलली की बावीस वर्षं गेली, पेन्शन गेली, आणि इंदोऱ्यातली ती थट्टा आयुष्यभराची शिवी होऊन बसणार. त्यांनी बळीरामच्या खोडरबरानं ती रेघ स्वतः पुसली. बळीरामनं पुसू दिली. ते दारापर्यंत पोचले तेव्हा मागून पट्टी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

६

बारा वाजता धरणावरून वायरलेसवर निरोप आला. पिंपळझरीच्या वर मैलभरावर ते धरण. चार दिवसांच्या पाण्यानं तुडुंब झालं होतं. दुपारी चार वाजता दरवाजे उघडणार. खालच्या पंपघरांनी मोटरी बंद करून टेकडीवर जावं. खात्याचा नियम साधा होता: प्रत्येक पंपघरानं फोनवर ‘निरोप मिळाला’ म्हटल्याशिवाय दरवाजे उघडायचे नाहीत.

आनंदराव बाईंच्या खोलीत आले तेव्हा त्या शेवटची ओळ लिहीत होत्या. ‘१४. पिंपळझरी. १२.१०. निरोप मिळाला. धोंडबा.’

पिंपळझरीच्या मोटरी विहिरीत, नदीच्या पातळीच्या खाली. तिथून आभाळसुद्धा दिसत नाही, आणि धरणाचा भोंगा मोटरीच्या घरघरीत ऐकू येत नाही. हुकूम आल्याशिवाय नत्थू मोटर सोडणार नाही. तो कामाचा पक्का होता. आनंदरावांनीच चार साहेबांना तसं सांगितलं होतं.

ते मनोहररावांच्या खोलीत न विचारता शिरले. “साहेब, धोंडबा नावाचा माणूस नाही. सोमवारी लाइन लागली नव्हती. मी खोटी नोंद केली. नाव मनानं लिहिलं. तिथं नत्थू एकटा आहे आणि त्याले निरोप भेटला नाही.”

एका दमात झालं. आता काय व्हायचं ते होवो, असं वाटून त्यांना क्षणभर हलकंही वाटलं. मनोहररावांनी चष्मा काढला. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. काळजी दिसत होती, आणि ते जास्त वाईट होतं.

“आनंदराव, धोंडबाशी मी स्वतः बोललोय. काल पाण्याची पातळी त्यानंच दिली मला, बरोबर दिली.” त्यांनी टेबलावरचा फोन उचलून चौदा फिरवला. “हं, धोंडबा? निरोप मिळाला ना? नत्थूला सांगितलंस? शाबास.” मग रिसीव्हर पुढं केला. “घ्या. खात्री करून घ्या.”

आनंदरावांनी तो कानाला लावला. तार मेलेली होती.

“साहेब, काही नाही यात. पाया पडतो, दोन तास दरवाजे थांबवा.”

“धरण थांबत नाही हो. दोन तासांत भिंतीला काही झालं तर काठावरच्या अकरा गावांना मी काय सांगू? माझ्या मेकॅनिकनं एका नावाचा हट्ट धरला म्हणून?” ते उठून आनंदरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “चार दिवस झाले, तुम्ही झोपलेले दिसत नाही. नोंदीचं मी ऐकलंच नाही असं समजा. घरी जा.”

माणसं चांगली होती सगळी. त्यांतल्या एकानं जरी शिवी हासडून त्यांना निलंबित केलं असतं, तर निदान ते खोटं खोटं ठरलं असतं. आनंदराव दारात उभे राहून हमसून रडले. शिपायानं पाणी आणून दिलं.

७

साडेतीनला बाई चहाला गेल्या. आनंदरावांनी वही उघडली, सोमवारचं पान काढलं आणि लाल शाईनं ती ओळ आडवी खोडली. खाली लिहिलं, ‘ही नोंद खोटी आहे. बोलणारा कोणी नव्हता. मी लिहिली.’ आणि पूर्ण नावानं सही केली. मग मंगळवारचं पान, बुधवारचं, आजचं. जिथं जिथं धोंडबा होता तिथं तिथं ते रेघ मारत गेले. आजच्या ओळीवर निबेनं कागद फाटला.

जुन्या बोर्डाची तार सोडून त्यांनी आत कपाटात तारेची जोडी पुन्हा बसवली, कार्ड खाचेत ढकललं. दिवा लागला नाही. चार दिवसांत पहिल्यांदाच, कार्ड खाचेत असून, चौदा नंबरचा दिवा विझलेला होता. आनंदराव त्याच्याकडे बघत राहिले. एक, दोन, तीन. मग दिवा लुकलुकला आणि लागला.

ते खोलीत धावले, नंबर फिरवला. घड्याळात चारला सात मिनिटं कमी होती.

घंटी वाजली. खरी घंटी, त्यांच्या कानात. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. त्यांच्या तोंडून नकळत “बुद्धं सरणं” सुरू झालं. पाचव्या घंटीला फोन उचलला गेला.

“नत्थू! आयक! मोटर सोड, टेकडीवर जाय! चार वाजता पाणी सुटते, आयकलं का? नत्थू!”

उत्तर आलं नाही. पण तार जिवंत होती. खालच्या मोटरीची घरघर येत होती, खोलीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. आणि लांब, खूप खालून, कोणीतरी ओरडलं, “आलो, आलो! उचलू नोका!”

तो नत्थूचा आवाज होता. नत्थू अजून खाली होता.

लोखंडी जिन्यावर चपला वाजू लागल्या. तो दोन-दोन पायऱ्या चढत होता. आनंदराव टेबलाला दोन्ही हातांनी धरून ओरडत होते, “तसाच बाहेर पड! वर नको थांबू!” आणि आपलं ओरडणं फोनजवळ असलेल्याला ऐकू जातंय, त्याच्यापलीकडे नाही, हे त्यांना कळत होतं. चपला दाराशी आल्या. कडी निघाली. मग चपला थांबल्या.

कितीतरी वेळ नुसता पाऊस.

“दादा?” नत्थू म्हणाला.

“हो! मीच आहो, नत्थू, मीच...”

पण नत्थू फोनवर बोलत नव्हता. आवाज खोलीच्या दारातून येत होता. कोणाला तरी समोर बघून माणूस बोलतो तसा. “दादा, तू कवा आला? नाल्याले तं पूर आहे. आन् अंधारात काहून उभा आहे असा?”

तेव्हा रिसीव्हरच्या अगदी जवळून कोणीतरी बोललं. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायची आनंदरावांवर कधी वेळ आली नव्हती. तरी तो ओळखायला त्यांना एक क्षणही लागला नाही. बावीस वर्षांच्या नोकरीचा, सेकंदही न चुकणारा, शांत आवाज.

“सगळं ठीक आहे, नत्थू. फोन मी पाहातो. तू खाली जाय, मोटरीपाशी थांब.”

“नाही!” आनंदराव किंचाळले. चहा घेऊन आलेल्या चारुशीलाबाई दारातच थिजल्या. “नत्थू, तो मी नाही! तो मी नाही रे!”

पलीकडे नत्थू हसला. लहानपणी खांद्यावर बसल्यावर हसायचा, तसं मोकळं. “बरं झालं गा दादा, तू आला. मले लय भेव लागून राहिलं होतं एकट्याले.”

मग लोखंडी जिन्यावर चपला पुन्हा वाजू लागल्या. आता एकेक पायरी, सावकाश. चार दिवसांत पहिल्यांदाच नत्थू निवांत खाली उतरत होता.